गमरेकाकांचा चौदावा परिच्छेद

गमरेकाकांकडे कुणाचंही गाऱ्हाणं घेऊन गेलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे, सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "बरं. आता दुसरी बाजू कोण सांगणार?"

या एका वाक्यापायी आमच्या अख्ख्या मजल्याने त्यांच्याशी कधी ना कधी अबोला धरलेला आहे. मीसुद्धा दोनदा. अहो, माणूस शेजाऱ्याकडे जातो तो आपल्या बाजूने चार शब्द ऐकायला. न्याय हवा असता तर कोर्टात नसतो का गेलो? पण गमरेकाकांच्या खोलीत शिरलं की कोर्टातच शिरल्यासारखं व्हायचं. नळाच्या भांडणात एकदा त्यांनी मला आणि सावंतीणबाईंना जिन्याच्या पायरीवर शेजारी शेजारी बसवलं आणि माझी बाजू तिला, तिची बाजू मला सांगायला लावली. मी इतकी चिडले की तिची बाजू मुद्दाम वेडीवाकडी सांगितली. काकांनी ती पुन्हा सांगायला लावली.

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोर त्यांचं दार. पूर्ण नाव शांताराम गमरे. वडील गिरणीत होते, आणि घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारा हा पहिला माणूस. दिवाणी कोर्टात शिरस्तेदार होऊन निवृत्त झाले. "न्यायाधीश उंचावर बसतात ना, त्यांच्या पुढ्यात खाली कागदांच्या ढिगाआड जो दिसत नाही, तो मी," असं ते सांगायचे. सांगताना मान मात्र उंचावरच्या माणसासारखी ताठ असायची. घरात एका फळीवर बुद्धमूर्ती, तिच्या शेजारी संविधानाची प्रत, आणि त्याच फळीवर एक दाभण आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. कागद टाचणीने जोडलेला त्यांना खपायचा नाही. "टाचणी निघते. शिवलेलं राहतं." त्यांनी माझी विजेची बिलं शिवून दिली आहेत. माझ्या मुलीच्या निबंधांची वही शिवून प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने आकडे घातले आहेत. काकू गेल्यावर त्यांचे दवाखान्याचे कागदसुद्धा त्यांनी असेच शिवले, आणि त्या दिवशी मी नुसता चहा ठेवून परत आले.

चाळीच्या सभेत हजेरी घ्यायचं काम त्यांचंच. एकदा त्यांनी आमच्या यांचं नाव पुकारलं. हे घरात क्रिकेट बघत बसले होते. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "हजर." काकांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, तुम्ही हजर आहात. ते गैरहजर आहेत."

"एकच की हो काका! आता येतीलच."

"आले की लिहू. ज्याचं नाव, त्याचाच आवाज."

मी दादरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून ते मला बाई म्हणायचे. चाळीस माणसांसमोर बाईची अशी शोभा झाली. मग त्यांनी सभा थांबवून हकीकतही सांगितली: एका म्हाताऱ्याच्या दाव्याचा पुकारा झाला तेव्हा तो चहाला गेला होता, आणि वकिलाच्या कारकुनाने त्याच्या वतीने हजर म्हणून टाकलं. काकांनी ते लिहून घेतलं नाही. शिपायाला टपरीवर पिटाळलं आणि म्हातारा धापा टाकत येऊन स्वतः हजर म्हणेपर्यंत साहेबांपुढे दुसरा कागद सरकवला नाही. "बाई, त्या माणसाने नऊ वर्षं आपलं नाव ऐकायची वाट पाहिली होती. तो शब्द त्याचा होता." मी रागातच होते. हकीकत नीट ऐकलीसुद्धा नाही.

आता ऐकते. रोज ऐकते, म्हटलं तरी चालेल. काकांना जाऊन वर्ष होत आलं.

त्यांचं गाव रत्नागिरीकडे, एका खाडीच्या काठावर. धाकटी बहीण अनुसया तिथेच दिली होती, वाडीतल्या तांब्यांच्या घरात. या लोकांना शेत नव्हतं, होड्याही नव्हत्या. बायका ओहोटीला खाडीत उतरायच्या, खडकाला चिकटलेली कालवं फोडायच्या, चिखलातून शिंपल्या वेचायच्या आणि बाजारात विकायच्या. त्यावर घर चालायचं. मग काठावर रसायनांचा कारखाना आला. काही वर्षांत कालवं खडकावरच तोंड उघडून मरायला लागली. पाण्यात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पायांना जखमा झाल्या त्या भरेनात. ओरड झाली, तेव्हा कारखान्याच्या इथल्या कंपनीने दिवाळं काढलं आणि दाराला कुलूप लावलं. तिची मालक असलेली मोठी कंपनी परदेशात होती. ती म्हणाली, आमचा काही संबंध नाही.

रेवती नावाची एक तरुण वकील या बायकांसाठी धडपडत होती. मोठ्या कंपनीवर तिच्याच देशातल्या कोर्टात दावा लावता येईल, तिथले वकील तयार आहेत, असं तिने शोधून काढलं. दाव्यात पहिलं नाव वयाने सर्वांत मोठी म्हणून काकांच्या बहिणीचं घातलं. त्यामुळे सगळा दावाच 'अनुसया तांबे आणि इतर' या नावाने ओळखला जाऊ लागला. काकांना त्याचं केवढं अप्रूप! "बाई, साता समुद्रापलीकडच्या कोर्टाच्या बोर्डावर आमच्या अनशीचं नाव. जिला शाळेच्या हजेरीपटावर कुणी घातलं नाही तिचं."

बायकांच्या जबान्या घ्यायला आम्ही तिघं वाडीत गेलो होतो. काका मराठीत लिहून घेणार, मी इंग्रजी करणार. काका प्रत्येक जबानी बाईला पूर्ण वाचून दाखवायचे आणि तिने मान डोलावली तरी समाधान होईना. "मान नको. तोंडाने सांग, बरोबर की चूक." अनुसयाबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी बोलायच्या आधी दोन्ही हात पुढे केले. कालवांच्या धारेने कापून कापून तळवे आडव्या-उभ्या रेघांनी भरलेले.

"दादा, ह्ये लिव. ह्ये कालवांनी केलंय. ह्याचं कवा वाईट वाटलं नाय." मग लुगडं घोट्याच्या वर घेऊन पायांच्या जखमा दाखवल्या. "आनि ह्ये त्यांनी केलंय. मला पैशाचं नंतर. मला एकदा त्या खुर्चीवरच्या माणसाला ह्ये सांगायचंय. त्यानं ऐकायचं, बस."

"ऐकेल," काका म्हणाले. "तुझं म्हणणं कोर्ट ऐकेल. माझा शब्द."

मुंबईला परतल्यावर ते हिंदमाताच्या कापडबाजारात गेले आणि बहिणीसाठी हिरवी साडी घेऊन आले, काठाला लाल. कोर्टात उभं राहायच्या दिवशी नेसायला. अनुसयाबाईंनी फोनवर सांगितलं, त्या दिवशीच घडी मोडीन.

खरी पंचाईत पुढे होती. एका रविवारी रेवती काकांच्या खोलीत आली. मीही होते. ती म्हणाली, "काका, तिथलं कोर्ट खाडीचं काही ऐकायच्या आधी एक गोष्ट विचारणार. नुकसान भारतात झालं, माणसं भारतातली, मग दावा आमच्याकडे का? कंपनी म्हणणार, तिकडे कोर्टं आहेत, तिकडे जा. आपल्याला दाखवून द्यावं लागेल की इथे या बायकांना त्यांच्या हयातीत न्याय मिळणं शक्य नाही."

"आणि हे सांगणार कोण?"

रेवतीने मान खाली घातली. "आतून पाहिलेला माणूस हवा. शपथेवर."

काका उठले, माठातलं पाणी प्यायले आणि भांडं पालथं घातलं. ज्या कोर्टाबद्दल कुणी वावगं बोललं म्हणून हा माणूस लग्नाच्या पंगतीतून उठून गेला होता, त्याने आता परक्या देशातल्या न्यायाधीशाला लिहून द्यायचं होतं की आमच्या कोर्टाच्याने हे होणार नाही.

त्यांनी लिहिलं. आठ दिवस लागले. आजोबांनी लावलेल्या दाव्याचा निकाल नातवाने ऐकलेला, रिकाम्या खुर्च्या, वाळवीने खाल्लेली कागदपत्रं, पाण्याच्या तपासणीचे अहवाल आणायची ऐपत नसलेली माणसं, तारखांना येऊन येऊन मरून गेलेली माणसं. काहीही लपवलं नाही. एकेक परिच्छेद लिहून झाला की ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मी इंग्रजी करायला कागद घेतले तेव्हा तेरा परिच्छेद होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौदावा घेऊन आले.

त्यात लिहिलं होतं की मी ज्या कोर्टात नोकरी केली तिथे गरिबाला त्याचं म्हणणं न ऐकता कधी परत पाठवलेलं मी पाहिलं नाही. उशीर झाला, पण ऐकलं गेलं.

मी हात जोडले. "काका, हा नको. हा कंपनीच्या उपयोगाचा आहे."

"खरा आहे."

"असेल. पण न लिहिणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

"तेरा परिच्छेद एकाच बाजूचे झाले, बाई. दुसरी बाजू कोण सांगणार? शपथ पूर्ण खऱ्याची असते. अर्ध्याची नसते."

रेवतीने फोनवर विनवलं, मग रागावली. तिच्या वरिष्ठांनीही सांगून पाहिलं. काकांचं एकच: चौदावा जाणार नसेल तर पहिले तेराही जाणार नाहीत. त्यांच्याइतका आतला माणूस दुसरा मिळेना. शेवटी तो गेला. त्याचं इंग्रजी मीच केलं, आणि चांगलं केलं, हेही सांगून टाकते. कॉलेजातल्या पोरांना लांब वाक्यं तोडायला-मोडायला शिकवते, पण त्यांचं 'उशीर झाला, पण ऐकलं गेलं' हे वाक्य मला मुद्दामही बिघडवता आलं नाही.

सुनावणी माझ्या लॅपटॉपवर पाहायची ठरली. त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार. काका हिंदमाताच्या कापडाचा नवा पांढरा शर्ट घालून आले, इस्त्रीची घडी हातावर करकरीत. आल्या आल्या मला गॅस बंद करायला लावला, कुकरची शिट्टी कोर्टात नको. पडद्यावर न्यायाधीश येऊन बसले तसे काका उठून उभे राहिले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीही उभी राहिले. आमचा कॅमेरा बंद होता, आम्ही कुणालाही दिसत नव्हतो. मला हसू येत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण तिथल्या कारकुनाने नुकतंच, कसंबसं, अडखळत, त्यांच्या बहिणीचं नाव पुकारलं होतं.

मग कंपनीचे वकील उठले. शांत, सभ्य गृहस्थ. त्यांनी चौदावा परिच्छेद तीनदा वाचला.

तिसऱ्या वेळेला काकांनी हळूच खुर्चीची पाठ धरली.

निकाल काही महिन्यांनी आला, माझ्या मेलवर. मी तो घेऊन समोर गेले आणि मधली पानं गाळून शेवटाकडे उडी मारायला लागले. ते म्हणाले, "बाई, वाचून दाखवणं म्हणजे पूर्ण." मग वाचलं. हा दावा ज्या मातीत नुकसान झालं तिथल्या कोर्टाने ऐकावा, असं न्यायाधीशांनी ठरवलं होतं. विलंब होतो हे त्यांनी मान्य केलं होतं. पण वादींचा स्वतःचा साक्षीदार, ज्याच्या प्रामाणिकपणाचा कोर्टावर फार परिणाम झाला आहे, तोच सांगतो की तिथे गरिबाचं ऐकलं जातं. काकांचं नाव होतं. स्तुती होती. जन्मभरात एवढी स्तुती त्यांची कुणी केली नव्हती.

रेवती भली पोर. ती म्हणाली, "काका, इतरही कारणं आहेत त्यात."

"आहेत. परिच्छेद मात्र माझा एकच घेतलाय."

त्या संध्याकाळी ते गॅलरीत कठड्याला धरून उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, ते खरंच होतं. पण मी ते खरं म्हणून नाही लिहिलं. परक्यांपुढे माझं कोर्ट उघडं पडलं, ते सहन होईना म्हणून लिहिलं. तेरा परिच्छेद अनशीचे होते. चौदावा माझा होता."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी आयुष्यभर सगळ्यांना दुसरी बाजू विचारली, त्यांची बाजू सांगायला त्या दिवशी कुणी नव्हतं, आणि मी तिथे उभी असून गप्प राहिले. याचं दुःख माझं जात नाही.

बहिणीला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं, चौदाव्यासकट. फोन स्पीकरवर होता. ती बाई म्हणाली, "तू काय खोटं लिवलं नायस ना, दादा? मंग रडतोस कशाला? हितल्या कोर्टात सांगेन की. हितं मला बोलाय तरी येतंय."

दावा जिल्ह्याच्या कोर्टात लागला. परदेशात जी कंपनी भारतात जा म्हणत होती, तिचे इथले वकील पहिल्याच तारखेला म्हणाले, आमची कंपनी परदेशातली, तिच्यावर या कोर्टाचा अधिकार पोहोचत नाही. भारतातल्या कोर्टात उभे राहू, असा शब्द कंपनीने तिकडे दिला होता; त्या शब्दाचा नेमका अर्थ काय, यावरच तारखा पडायला लागल्या. खाडीचं नावही निघेना. काका प्रत्येक तारखेला आदल्या रात्रीच्या एसटीने जायचे. गुडघे गेले होते, श्वास लागत होता. परत आले की मी दारातून विचारायची, आणि ते बोटांनी फक्त पुढच्या महिन्याचा आकडा दाखवायचे.

दुसऱ्या उन्हाळ्यात अनुसयाबाई गेल्या. पायाच्या जखमेतून विष भिनलं होतं. खुर्चीवरच्या कुठल्याही माणसाने त्यांचं काही ऐकलं नव्हतं. सुनेने पेटीतली हिरवी साडी काढली आणि घडी मोडून त्यांना नेसवली. ते सांगताना काका साडीच्या काठाचा रंग विसरले. मी सांगितला.

त्यानंतरच्या तारखेला मी त्यांच्याबरोबर गेले, त्यांना एकटं सोडवेना म्हणून. पिशवीत त्यांनी स्वतः लिहिलेला अर्ज होता: पहिली वादी मयत झाली आहे, तिच्या वारसांची नावं लावावीत. सोबत मृत्यूचा दाखला. सगळं दाभणाने शिवलेलं, पानांवर लाल आकडे. तो शिरस्तेदाराच्या टेबलावर द्यायचा, एवढंच काम होतं.

आम्ही मागच्या बाकावर बसलो, पक्षकार बसतात तिथे. नोकरीभर काकांनी कोर्ट समोरच्या बाजूने पाहिलेलं, इतक्या तारखांनंतरही त्यांना तिथे बसता येत नव्हतं, सारखे कडेला सरकत होते. पुढे न्यायाधीशांच्या खाली संगणकापाशी एक तरुण मुलगी बसली होती, काका आपल्या कोर्टात बसायचे तशाच जागेवर. आमचे वकील शेजारच्या कोर्टात अडकले होते. तेवढ्यात शिपायाने दारात येऊन पुकारा केला.

"अनुसया तांबे आणि इतर!"

काकांनी पिशवीत हात घातला. अर्ज हाताला लागला असणार.

"अनुसया तांबे आणि इतर!"

न्यायाधीश दुसरा कागद बघत होते. ती मुलगी कळफलकावर बोटं ठेवून थांबली होती. मी काकांच्या कोपराला हात लावला. त्यांनी पिशवीतून हात रिकामाच बाहेर काढला आणि समोरच्या बाकाचा आधार घेत उठले.

"अनुसया तांबे, हजर?"

"हजर," काका म्हणाले.

आवाज मोठा आणि स्वच्छ होता. न्यायाधीशांनी मान वर केली नाही. कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली, ती मिळाली, आणि शिपायाने पुढचं नाव पुकारलं. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल.

बाहेर व्हरांड्यात ते भिंतीला टेकून उभे राहिले. श्वास जमेपर्यंत मी पिशवी धरून ठेवली. अर्ज आतच होता. तो अजून माझ्याकडे आहे.

"बाई," त्यांनी विचारलं, "तुम्ही पाहिलंत? त्या मुलीने लिहून घेतलं का?"

मी पाहिलं होतं. तिने टाइप केलं होतं.

"घेतलं, काका," मी म्हटलं. "रेकॉर्डवर आहे."